पिचवर पाणी कोणी मारले?

हिंदुराव कोंढरे गेले त्या फेब्रुवारीत कात्रजमध्ये क्रिकेटपेक्षा पोलीस तपासातले जाणकार जास्त झाले होते. सकाळी फिरून येताना कचरूच्या टपरीवर चहाला थांबलो की रोज एखादे नवे मत ऐकायला मिळे. बिल्डरने मारले. सट्टेवाल्यांनी मारले. कोणी तरी विष घातले. कचरू स्वतः कोणत्याच मताचा नव्हता. त्याला सगळी मते चालत, कारण प्रत्येक मताबरोबर एक चहा खपत असे.

मी कोंढरे सरांना आठ-नऊ वर्षे ओळखत होतो. माझी नोकरी एका कंपनीच्या हिशेब खात्यात. सकाळी सरांच्या मैदानाला फेऱ्या मारायच्या, त्यांच्याशी दोन शब्द बोलायचे आणि घरी येऊन आंघोळीला जायचे, हा माझा क्रम. माझा मुलगाही त्यांच्याकडे दोन हंगाम शिकला. तो क्रिकेटपटू झाला नाही, पण आपली खोली आवरायला शिकला. माझ्या मते सरांकडे पाठवल्याचे चीज झाले.

सर मूळ गावचेच. घरची शेती होती, पण ते खडकीच्या कारखान्यात फिटर म्हणून लागले. कात्रज ते खडकी, जाता-येता दोन-दोन बस बदलायच्या. कारखान्याच्या संघातून ते मध्यमगती गोलंदाजी करत. गाव महापालिकेत गेले, हायवेच्या कडेने इमारती उठू लागल्या, हिंजवडीला जाणाऱ्या कंपन्यांच्या बसगाड्या चौकात थांबू लागल्या, तशा जमिनीच्या गोष्टी सुरू झाल्या. सरांचे धाकटे भाऊ महिपती यांनी आपला वाटा विकला, तीन मजली घर बांधले आणि पांढरी जीप घेतली. सरांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि आपल्या वाट्यावर मैदान केले.

पिचसाठी त्यांना काळी माती हवी होती. ती त्यांनी सासुरवाडीहून, इंदापूरच्या बाजूच्या शेतातून, ट्रक भरून आणली. आनंदीबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, हे फार रंगवून सांगत. "लग्नात माझ्या भावानं घड्याळ दिलं तर हे म्हणले, नको. आन् इतक्या वर्सांनी गेले आन् माती मागितली. भाऊ म्हणला, दाजींचं डोकं बरं हाय ना?"

एका बिल्डरचा माणूस नकाशा घेऊन आला होता तेव्हा मी तिथेच होतो. सर नेटमध्ये एका मुलाकडे पाहत होते. त्यांनी नकाशाकडे मान वळवली नाही. म्हणाले, "जरा बाजूला व्हा. तुम्ही साइटस्क्रीनच्या मधे उभे आहात."

त्यांची एक पद्धत पालकांना पटत नसे. नवीन मुलाला पहिला महिनाभर बॅट मिळत नसे. त्याने पिच सांभाळायचे. सराव संपला की पावलांचे खड्डे मातीने भरायचे, धुमसाने ठोकायचे, पाणी मारायचे, हातरोलर फिरवायचा आणि रोलर धुऊन ठेवायचा. एकदा एक गृहस्थ म्हणाले, "सर, मी मुलाला क्रिकेटला पाठवलंय, माळीकाम शिकायला नाही."

"मग गच्चीवर खेळवा," सर म्हणाले. "फरशी आपोआप नीट राहते."

पिचभोवती दोरी असे. दोरीच्या आत खेळणाऱ्याचे बूट सोडून कोणाचेही पायताण चालत नसे. नगरसेवक स्पर्धेच्या उद्घाटनाला आले, तेव्हा त्यांनाही चपला काढाव्या लागल्या. नारळ दोरीबाहेर फोडावा लागला, कारण नारळाचे पाणी कुठे सांडेल याचा नेम नसतो, असे सरांचे म्हणणे.

या मैदानावर सुदर्शन इंगोले आला तेव्हा तो इंजिनिअरिंगला होता. वाशिमकडचा मुलगा. होस्टेलच्या जेवणाला कंटाळलेला. आधी खेळायला आला, मग शिकवायला लागला, आणि मधल्या काळात कधीतरी आनंदीबाईंच्या स्वयंपाकघरात पाटावर बसून भाकरी खाऊ लागला. कोंढरे पती-पत्नींना मूलबाळ नव्हते. सुदर्शनला आयटी कंपनीत नोकरी लागली तरी सकाळची वेळ मैदानाचीच राहिली. मुलांचा घाम काढून, कपडे बदलून तो चौकातली कंपनीची बस पकडायचा. आनंदीबाई त्याला म्हणायच्या, "लग्न कधी करतोस? का त्या रोलरशीच लावायचं?"

त्या दिवशी सर नेहमीसारखे उजाडायच्या आधी पिचवर पाणी मारायला गेले होते. सुदर्शन पोचला तेव्हा ते पिचवर पालथे पडलेले होते. शेजारी रोलर होता. कपाळाला मोठी जखम होती. चपला दोरीबाहेर, नेहमीच्या जागी. त्याच्या हाकेने सरावाला आलेली मोठी मुले धावली. महिपतींची जीप आली, सरांना तीत घातले आणि महिपती व मुले दवाखान्यात गेली. जीपमध्ये जागा उरली नाही. सुदर्शन मैदानावर एकटा राहिला.

दवाखान्यात डॉक्टरांनी सर गेल्याचे सांगितले. पोलीस मैदानावर आले तेव्हा पिच ओले होते, गुळगुळीत होते, आणि त्यावर कसलीही खूण नव्हती. रक्त नाही, पाऊल नाही. रोलर स्वच्छ धुतलेला होता.

सुदर्शनने मला फोन केला, म्हणून मी चौकीत त्याच्याबरोबर गेलो. फौजदार तरुण होते, आवाज न चढवता बोलत होते.

"रोलर का धुतलास?"

"रोजच धुतो जी."

"माणूस रक्ताच्या थारोळ्यात पडला होता. त्याला नेल्यावर तू झाडलोट केलीस?"

"सगळे बुटांनी आत आले होते. खड्डे पडले होते. मला वाटलं, सर दवाखान्यातून आले की आधी पिचच बघतील."

फौजदारांनी माझ्याकडे पाहिले. हिशेब खात्यात मी अनेक वर्षे लोकांचे खुलासे ऐकत आलो आहे. हा खुलासा खरा आहे हे मला कळत होते, आणि कोणालाही पटणार नाही हेही कळत होते.

त्यात महिपतींनी आणखी भर घातली. आदल्या संध्याकाळी सर आणि सुदर्शन मोठमोठ्याने भांडत होते, हे महिपतींना शेजारच्या आपल्या घरात ऐकू आले होते. महिपती खोटे बोलत नव्हते. पण जमिनीवरून लोक त्यांच्याकडेही बोट दाखवत होते, त्यामुळे दुसरीकडे दाखवायला एक बोट मिळाले याचा त्यांना आधार वाटला असावा. "आमच्या भावानं परक्याला घरात घेतलं, साहेब," असे ते चौकीत म्हणाले. दुसऱ्या दिवशी कचरूच्या टपरीवर हे वाक्य जसेच्या तसे पोचले.

शवविच्छेदनात जखम वरवरची निघाली, मृत्यूच्या कारणाबद्दलचे मत मात्र डॉक्टरांनी राखून ठेवले. नमुने तपासणीला गेले. अहवालाला वेळ लागेल, असे सांगितले. लोकांना तेवढी मोकळी जागा पुरे होती. बातमीत ‘संशयास्पद’ हा शब्द आला. एका चॅनेलची गाडी येऊन गेली. पालकांनी मुले पाठवणे बंद केले. सुदर्शनचे कंपनीतर्फे अमेरिकेला जायचे ठरत होते, ते लांबणीवर पडले. कंपनीत शेजारी बसणारे त्याच्याशी जरा जास्तच गोड बोलू लागले.

या सगळ्याचे त्याला फारसे वाटत नव्हते. एकदा माझ्याकडे आला, चहा घेतला नाही. म्हणाला, "काका, फौजदार साहेबांचं ठीक आहे. त्यांचं कामच आहे. पण काकू काही बोलतच नाहीत."

दहाव्याला तो घाटावर आला होता. मागे उभा होता. आनंदीबाईंनी त्याच्याकडे एकदा पाहिले आणि मान फिरवली. त्यानंतर तो त्यांच्या दारापर्यंत जाई आणि परत येई. घरात महिपतींची माणसे असत. आत जाऊन काय विचारणार? सरांना मी मारले असे तुम्हाला वाटते का, हे ज्या बाईच्या हातची भाकरी खाल्ली तिला विचारायचे कसे?

मार्च संपत आला तेव्हा फौजदारांनी सगळ्यांना पुन्हा मैदानावर बोलावले. जागा नीट पाहायची होती. महिपती होते, त्या दिवशीची तीन-चार मुले होती, सुदर्शन होता, त्याच्यासोबत मी. आनंदीबाई बाकावर येऊन बसल्या होत्या, डोक्यावरून पदर घेऊन. सर गेल्यापासून पिचला कोणी हात लावला नव्हता. उन्हाने त्याला बोट जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या.

फौजदारांनी दोरी उचलली आणि आत पाऊल टाकले.

"साहेब, बूट," महिपती म्हणाले.

फौजदार एक पाय आत, एक बाहेर, असे थांबले. "काय?"

"बूट. आत चालत न्हाईत."

फौजदारांनी खाली पाहिले. मग आम्ही सगळ्यांनीच पाहिले. दोरीजवळ पायताणांची ओळ लागली होती. मुलांची, माझी, सुदर्शनची, आणि महिपतींच्या कोल्हापुरी चपला. तापलेल्या जमिनीवर आम्ही सगळे अनवाणी उभे होतो.

"तुम्हाला चपला काढायला कोणी सांगितलं?" फौजदारांनी महिपतींना विचारले.

"कोन सांगनार? भाऊ शिव्या घालायचा."

"भाऊ आता नाही."

"न्हाई," महिपती म्हणाले. "पर आता काढल्या खऱ्या." आणि ते आपल्याच पायांकडे बघत राहिले.

फौजदारांनी पाऊल मागे घेतले. कडेची माती भुसभुशीत झाली होती, तिथे टाचेचा ठसा उठला होता. सुदर्शन गुडघ्यावर बसला, तळहाताने माती आत लोटली आणि ठसा दाबून सपाट केला. आपण काय केले हे त्याला बहुतेक उठल्यावर कळले. त्याचा चेहरा उतरला.

फौजदार त्याच्याकडे बराच वेळ पाहत होते. "त्या दिवशी असंच?"

"हो जी."

बाकावरून आनंदीबाई उठल्या आणि दोरीपाशी आल्या. चपला काढल्या. सुदर्शनला म्हणाल्या, "भांडण कशावरनं झालं व्हतं?"

इतक्या दिवसांनी त्या त्याच्याशी पहिल्यांदा बोलत होत्या. तो म्हणाला, "अमेरिकेचं सांगितलं सरांना. आधी म्हणाले, जा. मग म्हणाले, पिचचं कोण बघणार. मी म्हणालो, माणूस ठेवा. त्यावर चिडले."

"मला का न्हाई सांगितलंस अमेरिकेचं?"

"तुम्ही रडाल म्हणून."

"मग आता काय हसतीये का मी?" त्यांनी पदराने तोंड पुसले. "ह्या भावजींनी कान भरले माझे. मीबी ऐकत बसले. रात्रभर इचार करायची, ह्या पोरानं पानी का मारलं आसंल. आन् परवा मनात आलं, मारलं नसतं तर? त्यांच्या पिचवर तसलं सांडलंय आन् हा नुसता बसून राह्यलाय, आसं ऐकलं आस्तं, तर मी म्हनले आस्ते, ह्यो आपला न्हाई."

सुदर्शन खाली पिचकडे बघत होता.

"आन् आता बघ काय झालंय." त्यांनी भेगांकडे हात केला. "माझ्या माहेरची माती हाय ती. तू आला न्हाईस म्हनून मी बी हात लावला न्हाई."

सुदर्शनने फौजदारांकडे पाहिले. त्यांनी वही मिटून बगलेत धरली होती. "मारा पाणी," ते म्हणाले. "आमचं झालंय इथलं."

सुदर्शन पाइप आणायला शेडकडे गेला. मोटरची खोली दुसऱ्या टोकाला, महिपतींच्या हद्दीला लागून होती. महिपती वळले आणि तसेच अनवाणी, पाय भाजत असल्यामुळे भराभर पावले टाकत, मोटर लावायला गेले.

अहवाल पावसाळ्यात आला. हृदयविकाराचा झटका, पडताना रोलरचा दांडा कपाळाला लागला. कचरूच्या टपरीवर तो फारसा कोणाला पसंत पडला नाही. अहवाल काय, कोणीही लिहून देतो, असे एक जण म्हणाला, आणि त्यावर पुन्हा चहा झाला. त्याच सुमारास सुदर्शन अमेरिकेला गेला. मैदान अजून आहे. मोठी मुले शिकवतात, पहिल्या महिन्यात बॅट देत नाहीत. रविवारी सुदर्शनचा फोन येतो तेव्हा कधी कधी मी तिथे असतो. आनंदीबाई फोन कानाला लावून पलीकडचे ऐकतात आणि म्हणतात, "मारलं रे बाबा, सकाळीच मारलं. तू जेवलास का ते सांग आधी."