वानगीची चार डाळिंबं

वानगीची चार डाळिंबं मी मिक्सरात घातली आणि वर एक केळं सोललं.

बावड्यात आमची डाळिंबाची बाग आहे. ती माझा थोरला भाऊ ज्ञानेशदादा बघतो. दोन दिवस आधी बारामतीचा व्यापारी विजयसिंह बाग फिरून गेला होता. त्यानं स्वतःच्या हातानं चार फळं तोडली, भाव ठरवला आणि ती चार फळं वानगी म्हणून, म्हणजे मालाचा नमुना म्हणून, आमच्याच घरी ताटलीत ठेवली. तोडणीच्या दिवशी माल त्या चारांच्या तोलाचा निघाला तर ठरलेला भाव, नाहीतर बोलणी पुन्हा पहिल्यापासून. कागद नाही, सही नाही. चार डाळिंबं हाच करार, आणि तो फ्रिजवर ठेवलेला. मी लोणी देवकरला कंपनीत कामाला, राहायला इंदापुरात, घरी फक्त सुट्टीला. मला कुणी सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं. आयत्या फळाला कोण विचारतं?

त्या महिन्यात मी तब्येत कमवायला निघालो होतो. दादा आणि मोनावहिनी पिंपळीला साखरपुड्याला गेले होते, म्हणजे स्वयंपाकघर माझं. डाळिंबाचे दाणे, पिकलेलं केळं, वाटीभर गार दही, चिमूटभर मीठ. मिक्सर दोनदाच फिरवायचा, जास्त फिरवला की बी भरडते आणि सगळं कडू होतं. मग चाळणीतनं गाळायचं. पाच मिनिटांत पोटभर नाष्टा, तेल नाही, साखर नाही. मोबाईलमधल्या बाईनं दोन फळं सांगितली होती. मी चार घातली, कारण बाग आमची.

स्मूदी बरीच झाली म्हणून पेलाभर गोजरआत्याला दिली.

गोजरबाई माझ्या वडलांची बहीण. एकोणिसाव्या वर्षी लग्न झालं, अकराव्या महिन्यात माहेरी परत आली. का, ते तिनं सांगितलं नाही आणि आमच्या घरानं तिला विचारलं नाही. लग्नातली भांडी तेवढी बरोबर आणली, प्रत्येकावर ठिपक्याठिपक्यांनी ‘गोजर’ कोरलेलं. वडील गेल्यावर ती दादाच्या घरात राहिली. राहिली म्हणजे राबली. पण तोडणीच्या दिवशी तिचा थाट वेगळा असायचा. शेडमध्ये पोतं अंथरून ढिगापुढं बसायची, फळ हातात घेऊन जरासं झेलायची आणि बघता बघता एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर अशा क्रेट भरायची. काटा लावून बघा, दहा-वीस ग्रॅमचा फरक. व्यापारी ‘आत्याबाई’ म्हणायचे ते तेवढ्याच दिवशी. बाकीच्या दिवशी घरात तिला ‘ए’ म्हटलं तरी चालायचं.

एवढी वर्षं निवड करूनही चांगलं फळ तिनं खाल्लं नाही. चांगलं ते क्रेटमध्ये, तडकलेलं घरात, हा बागाईतदाराचा नेम. पुढं दात गेले, मग तडकलेलंही गेलं. दाणे चघळून चोथा हातावर काढायची, म्हणून वहिनीनं पाहुण्यांसमोर तिचं ताट बंद केलं. मी तिची नक्कल करायचो. चांगली करायचो, लोक पुन्हा करायला लावायचे.

तिनं पेला दोन्ही हातांत धरला. एक घोट घेतला आणि थांबली.

“बी कुठं गेली रं?” तिनं विचारलं.

गाळली म्हणालो. ती डोळे मिटून पीत राहिली, ओठावर गुलाबी मिशी आली. मी मोबाईल काढला. आत्या, पेला, शेजारी ताटलीत चार फळांची सालं. खाली लिहिलं, ‘बिनदाताची आत्या, डाळिंबाची मजा’, आणि घरच्या ग्रुपवर टाकलं. साखरपुड्यात सगळ्यांनी बघितलं. पहिला हसरा चेहरा वहिनीचा.

दुसऱ्या दिवशी तोडणी. टेम्पो लागला, ढीग पडला, आत्या पोत्यावर बसली. विजयसिंहनं वानगी मागितली. दादा आत गेला आणि हात हलवत बाहेर आला. विजयसिंह हसला. वानगी नसली तर आपली नजरच वानगी, म्हणाला, आणि नजरेनं भाव आठ रुपयांनी पाडला. तोडलेला माल, दारात टेम्पो. दादानं मान्य केलं.

मग वहिनीनं मोबाईल पुढं केला. काल सगळे तोंडाला हसले होते, आज सगळ्यांना ताटली दिसली.

“आत्या, वानगी तू खाल्लीस?” दादानं मजुरांसमोर विचारलं.

तिनं माझ्याकडं बघितलं. तोंड उघडायला मला चांगलं अर्धं मिनिट मिळालं होतं. ते मी मोबाईलचं चार्जिंग बघण्यात घालवलं.

“व्हय,” आत्या म्हणाली. “मीच.”

दात गेले तरी हाव जात न्हाय, वहिनी म्हणाली, आणि मजूर बाया पदराआड हसल्या. दादा ओरडला नाही. आत्याच्या हातातलं फळ काढून घेतलं, तिला पोत्यावरनं उठवलं आणि रोजानं आलेल्या अनिताला तिथं बसवलं. अनिताला दोन नंबर आणि तीन नंबर सारखेच दिसत होते. तरी तिलाच बसवलं.

दुपारी गोठ्यामागं आत्या शेंगा फोडत होती. तिथं कुणी नव्हतं, म्हणून मला धीर आला. माझं नाव का घेतलं नाहीस, विचारलं.

“दात नसल्याली बाई चार डाळिंबं खाती हे त्यांना पटलं,” ती म्हणाली. “मग माझं खरं कशापायी पटंल? आन मी पेलाभर पिलेच की. आता जा, वहिनी बघंल.”

दादाला सांगतो म्हणालो. ती शेंगा फोडत राहिली.

त्यानंतर दोन तोडण्या झाल्या. दोन्हीला अनिताच बसली. माल मिसळला म्हणून विजयसिंहनं दोन्हीला भाव तोडला, आणि दोन्हीला दादानं आत्याचीच आठवण काढली, शिवीसकट. शेडकडं ती आता फिरकत नाही. तोडणीच्या दिवशी गोठ्यामागं बसते, आणि क्रेट आपटल्याचा आवाज आला की तिचा हात थांबतो. हे मी लांबून बघितलंय. जवळ गेलो नाही.

दादाला अजून सांगितलेलं नाही. सांगायचंय.

आणि त्या दिवशी उरलेली स्मूदी मी एका डब्यात भरून इंदापूरला नेली होती. डबा धुतल्यावर झाकणावर ‘गोजर’ दिसलं. आमच्याकडं दुसऱ्याचा डबा रिकामा परत देत नाहीत. त्यात काय घालून द्यावं, ते मला सुचत नाही. मागच्या आठवड्यात आत्यानं शेजाऱ्याच्या फोनवरनं विचारलं, डबा कधी आणतोस. रविवारी म्हणालो.

रविवार गेला. डबा माझ्या खोलीत खिडकीत आहे, त्यात मी चार्जर ठेवतो.