सातव्या गाण्यातली घंटी

वीज ही पाण्यासारखी पाटातून वाहते, अशी अकराव्या वर्षी माझी ठाम समजूत होती. आणि त्या समजुतीपायी मी एका देखण्या माणसाची गिटार ऐन रंगात बंद पाडली. नुसती गिटार नाही – शेडमधले दिवे, शेठच्या बंगल्यातला पंखा, सगळंच. हे आधीच कबूल करून टाकते. बासष्टाव्या वर्षी माणसाने उगाच आडपडदा ठेवू नये. ठेवला तरी नातवंडं तो ओढून काढतातच.

डोळे मिटले की आजही ती पॅकिंगची शेड दिसते. पत्र्याचं छप्पर, त्यात चिमण्यांची कलकल, खाली चिकूंचे ढीग आणि ढिगांभोवती गोल करून बसलेल्या बाया. तलासरीकडच्या पाड्यांवरून त्या हंगामात यायच्या, चिकू धुऊन चोळून त्यांच्या अंगावरची तपकिरी भुकटी काढायच्या, मग लहान-मोठे निवडून करंड्यांत वाळल्या गवतावर मांडायच्या. सगळ्या शेडला एक वास असे... चिकाचा किंचित तुरट, गवताचा उन्हाळलेला आणि कोपऱ्यात विसरून राहिलेल्या एखाद्या पिकल्या चिकूचा, गुळाच्या काकवीसारखा. वारा फिरला की त्यात धाकट्या डहाणूचे सुकत घातलेले बोंबीलही मिसळत. या मिश्रणाला सुगंध म्हणायचं धाडस परक्या माणसाने करू नये. मी मात्र त्यातच वाढले.

माझे वडील, अण्णा, शेठच्या त्या चिकूवाडीचे मेहताजी, म्हणजे कारभारी, होते. हजेरी, पार्सलं, बागेचं पाणी, सगळं त्यांच्याकडे. पण त्यांचा खरा मान कशात असेल तर तो मोटरघराच्या चावीत. विहिरीवर विजेची मोटर बसली तेव्हा शेठने ती चावी सगळ्यांदेखत अण्णांच्या हातात दिली होती. पितळेची, बोटभर लांब. आमच्या दारामागे तिच्यासाठी एक खास खिळा होता. बाहेर जाताना ती तिथे टांगायची आणि आल्यावर सदरा काढण्याआधी तिला हात लावून बघायचं, हा त्यांचा नेम. देवाला नमस्कार त्यानंतर.

सुट्टीच्या दिवशी मी त्यांच्याबरोबर झाडांना पाणी द्यायला जाई. दारं धरण्यात माझा हात कुणी धरला नसता. एका आळ्याचं मातीचं दार फोडायचं, पाणी भरलं की पायाने चिखल सारून ते बुजवायचं आणि पुढचं फोडायचं. शेवटच्या झाडापर्यंत धार क्षीण झाली तर तिथे रडत बसायचं नाही. मागे चालत जायचं आणि पाटाचं मोठं दार उघडायचं. जगातल्या सगळ्या कमतरतेवर एवढा एकच उपाय मला ठाऊक होता, आणि तो मला पुरेसा वाटत होता.

शेठचा मुलगा केकी मुंबईत असे. त्याची थोरली बहीण आलूबाई वाडीचा बंगला सांभाळी आणि केकी हिवाळ्यात, लाल रंगाची विजेची गिटार घेऊन, आठ-पंधरा दिवस येई. त्याचे केस मानेवर रुळत. शेठ त्या केसांकडे बघून दर वेळी म्हणत, ‘‘न्हाव्याने काय पाप केलंय तुझं?’’ केकी हसे. तो हसला की मी चिकू मोजायची विसरत असे. मी त्याच्यावर फिदा होते, असं मी तेव्हा मरेपर्यंत कबूल केलं नसतं. आता सांगायला काय जातं? दोन वेण्या, गुडघ्याला खरचटलेलं, नाकाचा शेंडा उन्हाने सोललेला – अशी ही प्रेमिका, आणि तिचं भांडवल म्हणजे दारं धरता येणं.

त्या वर्षी त्याने मुंबईचे तीन मित्र आणले आणि एका रविवारी शेडमध्येच वाजवायचं ठरलं. करंड्या भिंतीकडे सारल्या. बाया घरी जायच्या आधी ऐकायला थांबल्या. केकीचा चौथा एक चष्मेवाला मित्र सेलवर चालणारा टेपरेकॉर्डर घेऊन आला होता. त्याची दोन चाकं गरागरा फिरत. अण्णा पार्सलं चढवायला सायकलवरून स्टेशनवर गेले होते. जाताना मला म्हणाले, ‘‘आज मोटर नाही हां कुसुम. आज पाणी नाही, गाणी आहेत.’’

आणि गाणी सुरू झाली... तसा आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता. पत्रा थरथरत होता, चिमण्या उडून गेल्या होत्या. सहावं गाणं संपलं तेव्हा केकी गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या पेटीवरचे खुंटे पिळत मित्राला म्हणाला, ‘‘करंट कमी आहे रे आज. आवाज उठतच नाय.’’

झालं! माझ्या राजाला करंट कमी पडत होता आणि इतक्या माणसांत उपाय मला एकटीलाच माहीत होता. मागे जायचं, मोठं दार उघडायचं. विजेचं मोठं दार म्हणजे मोटरघर; सगळी वीज तिथूनच तर येते! मी आधी पाटात साचून राहिलेल्या पाण्यात पाय धुतले. अशा कामाला मळक्या पायांनी जाऊ नये, एवढी रीत मला होती. मग दारामागची चावी घेतली, मोटरघर उघडलं, आणि सातवं गाणं निम्म्यावर आलं असताना मेनचा लोखंडी दांडा दोन्ही हातांनी वर ढकलला.

मोटर एकदाच घुरघुरली. फाट् आवाज झाला, ठिणगी उडाली – आणि शेडमधून येणारी गिटार, जणू कुणी तिच्या तोंडावर उशी दाबावी तशी, गप्प झाली.

मी धावत येऊन करंड्यांमागे लपले. आत तिन्हीसांजेचा अंधुक उजेड. मग बायांमधली काशी, जी एरवी शेठसमोर मान वर करत नसे, ती मोठ्याने म्हणाली, ‘‘वाजव ना रं, थांबला कशाला? आता कुठं आयकाया येतंय. आदी निस्तं कान फुटत व्हतं.’’

सगळी शेड हसली. केकी सगळ्यांत जास्त. आणि तशाच, विजेवाचून मुक्या झालेल्या गिटारवर, तो वाजवू लागला.

एवढ्यात शेठचा आवाज आला, ‘‘मोटर कोणी लावली?’’ आणि लगेच दारातून अण्णांचा आवाज, ‘‘मी लावली शेठ. माझी चूक झाली.’’

मी करंड्यांमागून बाहेर आले नाही. हे मी मुद्दाम लिहिते, कारण माझ्या आयुष्यातली मूर्खपणाची गोष्ट दांडा वर ढकलणं ही नव्हेच... बाहेर न येणं, ही.

घरी आल्यावर अण्णा रागावले नाहीत. कंदिलापाशी बसवून त्यांनी माझे दोन्ही तळवे उलटसुलट करून पाहिले, बोटं एकेक करून पाहिली. मला वाटलं, पुरावा शोधताहेत. दांड्याचं काळं ग्रीस लागलेलं होतंच. मग माझ्या ओल्या पायांकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं, आणि उठले. दुसऱ्या दिवसापासून चावी वाडीतल्या दुसऱ्या गड्याकडे गेली. दारामागचा खिळा रिकामा राहिला. सवयीने त्यांचा हात त्या खिळ्याकडे जाई आणि तसाच सदऱ्याच्या गुंडीशी येई. वर्षभर मी ते पाहत होते. मी एक शब्द बोलले नाही, आणि मग बोलायची वेळ निघून गेली. तशी ती जातेच – आधी अण्णा गेले, मग शेठ, मग परदेशात कुठे कुठे वाजवून नाव मिळवलेला केकीही.

२०१८च्या थंडीत माझी नात रेवा सुट्टीला आली. स्वतः गिटार वाजवते, त्यामुळे केकी तिलाही ठाऊक. आल्या आल्या तिने एक सीडी माझ्या मांडीवर टाकली. ‘‘आजी, हे बघ काय निघालंय! कुणाच्या तरी कपाटात टेप सापडली. आणि कुठली आहे सांग? आपल्या डहाणूची!’’ केकीच्या त्या चष्मेवाल्या मित्राच्या पश्चात त्याच्या मुलीने ती जुनी ध्वनिफीत जशीच्या तशी प्रकाशित केली होती.

आम्ही ती दुपारी ओसरीवर बसून ऐकली. केकीच्या एरवीच्या तबकड्या माझ्याकडे आहेत. त्या धुऊन पुसून, आकार पाहून करंडीत लावलेल्या चिकूसारख्या आहेत, सुरेख, एकसारख्या. हे मात्र झाडावरून नुकतं उतरवलेलं फळ होतं, अंगावर भुकटी, देठाशी चीक. पहिल्या सहा गाण्यांत एक तरुण घाई करतो आहे. आपल्याला काय काय येतं ते बापाला आणि मित्रांना दाखवतो आहे. सातव्यात वीज जाते. मग काशी बोलते, हशा होतो, आणि त्यानंतर तो जे वाजवतो ते मी शब्दांत कसं धरू? तारांचा बारीक, उघडा आवाज. दोन स्वरांमध्ये इतकी मोकळी जागा की तिच्यात बांगड्या वाजतात, एक तान्हं मूल कुरकुरतं, पत्र्यावर चिमण्या परत येतात. दाखवण्यासारखं काही हातात उरलं नाही तेव्हा त्याला स्वतःचा सूर सापडला. ही जागा कापून टाकली नाही, ही ती टेप जपणाऱ्या बापलेकींची मोठी रसिकता.

आणि मग सायकलची घंटी. एकदाच. त्यानंतर शेठ, त्यानंतर अण्णा... ‘‘मी लावली शेठ. माझी चूक झाली.’’ त्यांचा आवाज जगात दुसरीकडे कुठेच नाही. एवढं एकच वाक्य शिल्लक, आणि तेही माझ्यासाठी उचललेलं खोटं.

सोबतच्या पुस्तिकेतून रेवा वाचत होती, ‘‘सातव्या गाण्यात वाडीच्या निष्काळजी मेहताजींनी पंप चालू केल्याने वीज गेली –’’ ती थांबली. ‘‘आजी, मेहताजी म्हणजे तुझे अण्णा ना? तू रडतेस का?’’

दुसऱ्या दिवशी वाडीच्या फाटकाशी रिक्षा सोडली. आलूबाई, आता चौऱ्याऐंशीच्या, व्हरांड्यात पुदिन्याचा चहा पीत बसल्या होत्या.

‘‘ये नी कुसुम! केकीवर मरत होती ते सांगायला आली काय? ते माहीत आहे. सगळ्या डहाणूला माहीत होतं.’’

‘‘आलूबाई, मोटर मी लावली होती. अण्णांनी नाही. त्या पुस्तिकेत तेवढं बदलून घ्या. त्यांना निष्काळजी म्हणू नका.’’

त्यांनी कप खाली ठेवला. ‘‘ती घंटी ऐकली ना तू? शेडमध्ये अंधार झाल्यावर घंटी वाजवत आला तो माणूस मोटर कसा लावेल? मी इथेच उभी होती. सायकल टाकली, मोटरघराचं उघडं दार बघितलं, नी आत जाऊन बोलला, मी लावली. सांगते मी त्या पोरीला, पुढच्या छपाईत बदल म्हणून.’’

माझा पुढचा प्रश्न पन्नास वर्षं जुना होता. ‘‘तुम्हाला माहीत होतं, तर मग शेठनी अण्णांची चावी का काढून घेतली?’’

आलूबाईंनी माझा हात आपल्या हातात घेतला, तळवा वर करून ठेवला आणि म्हणाल्या,

‘‘कोण बोलला काढून घेतली? तोच दुसऱ्या सकाळी आला, चावी पपांच्या टेबलावर ठेवली नी बोलला – शेठ, माझी पोर ओल्या पायांनी तिथे गेली होती, वाचली. आता ही चावी माझ्या घरात नको.’’