शेवटच्या ओळीतलं नाव

अनुसयाला नवऱ्याचं नाव घेता यायचं नाही. जीभ जड होती म्हणून नव्हे हो. जीभ चांगली तिखट होती. नळावर भांडायला उभी राहिली तर भल्याभल्या बाया घागर उचलून मागं सरकायच्या. पण दवाखान्यात कोणी नवऱ्याचं नाव विचारलं की बाई गप्प. मग ती शेजारणीकडं बघणार आणि शेजारीण सांगणार, ‘लहानू’. नागपूरच्या इंदोऱ्यातल्या त्या गल्लीत सगळ्याच बायांची ही तऱ्हा. छप्पन साली दीक्षा घेतली, घरातले देव्हारे गेले, लग्नं लावायची रीत पार बदलली, पण ही एक खोड मात्र जिभेला चिकटून राहिली होती. कोणी हसलं तर अनुसया म्हणायची, ‘सवयीचं आहे बापा, धर्माचं नाही.’

लहानू मिलमध्ये कापूस पिंजायच्या खात्यात होता. मिलमधून सुटला की भुवयांवरचा कापूस झटकत थेट ईश्वरदासच्या ओसरीवर. ईश्वरदासची गायन पार्टी म्हणजे तेव्हा नागपुरात नावाजलेली. पेटी, ढोलक, बुलबुल बँजो आणि ईश्वरदासचा तो पहाडी आवाज. बाकीच्या पार्ट्या नुसतं बाबासाहेबांचं गुणगान करायच्या. हे लोक मिलचा भोंगा, नळाची रांग, पावसात गळणारं छप्पर, असलं सगळं गाण्यात घालायचे. सुरुवातीला लोक नाक मुरडत, पुढं तेच लोक फर्माइशी करायला लागले. लहानू ढोलक वाजवायचा, आणि अनुसया कोरसला. पार्टीत बाई ती एकटीच.

आता एक गोष्ट ध्यानात घ्या, नाहीतर पुढचं दुःख कळायचं नाही. गाण्याच्या शेवटच्या ओळीत नाव घालायची रीत असते. ‘अमका म्हणे’, ‘तमका सांगे’. आणि पार्टीत गाणं कोणी का बांधेना, नाव मुख्य गायकाचंच. त्यात चोरीचपाटी काही नव्हती. त्या नावानंच पार्टी ओळखली जायची, बोलावणी यायची. ईश्वरदासची निम्म्याहून जास्त गाणी लहानूनं बांधलेली होती, आणि त्या सगळ्यांच्या शेवटी ईश्वरदास बसलेला होता. लहानूला त्याचं काही वाटत नसे. निदान तो तसं दाखवत नसे.

मग त्याला खोकला लागला. मिलमधल्या पुष्कळांना लागायचा तसाच, न जाणारा. त्या दिवसांत त्यानं एक गाणं बांधलं. पुष्पलता, त्यांची मुलगी, नुकतीच शाळेत जायला लागली होती, तिच्यावर. ‘पाटी घे हाती, चाल पोरी शाळेच्या वाटेनं’ असं काहीतरी साधंसुधं. पण चाल अशी लावली होती की ऐकणाऱ्यानं हातचं काम टाकून बसावं. आणि शेवटची ओळ होती, ‘लहानू सांगे लेकीले, मागं वळून पाहू नको’.

ईश्वरदासकडे जाऊन तो म्हणाला, ‘भाऊ, एवढं एक माझ्या नावानं म्हणा ना.’

‘अरे, एक काहून? दहा म्हणतो!’ ईश्वरदासनं त्याच्या पाठीवर थाप मारली. मनाचा मोठा माणूस होता तो, उगाच का त्याला दोष द्यायचा.

घरी येऊन लहानू बायकोला म्हणाला, ‘कोरसमधी मागून म्हणाच लागते. आता कशी घेत नाही नाव, ते पाहतोच मी.’

‘हट! मी त्या ओळीले तोंडच मिटून घेईन.’

म्हणायला म्हणाली, पण तिला आतून इतका आनंद झाला होता की सांगता सोय नाही. चुलीपुढं एकटीच ओळ घोळवायची. ‘ल’ वर यायची, लाजायची, पदर तोंडात कोंबायची, आणि पुन्हा सुरुवातीपासून. लहानू खाटेवर पडल्यापडल्या खोकत खोकत हसायचा.

कन्हानला खाणीतल्या मजुरांच्या वस्तीत जयंतीचा कार्यक्रम होता. रेल्वेतले मधुकरराव आपला मोठा टेपरेकॉर्डर घेऊन आले होते. त्यांना भारी नाद, पार्टी जिथं जाईल तिथं हे मागं, फिती गुंडाळत. उन्हं कलली तेव्हा ते गाणं सुरू झालं. शेवटची ओळ जवळ आली तशी अनुसयानं डोळे घट्ट मिटले, कानशिलं तापली, आणि ईश्वरदासच्या मागून जीव ओतून ती ओळ म्हटली. टाळ्या पडल्या. डोळे उघडले तर लहानू खाली मान घालून ढोलकाच्या दोऱ्या आवळत होता.

परतताना ट्रकमध्ये तिनं हळूच विचारलं, ‘अवो, घेतलं ना मी बराबर?’

‘घेतलं ना,’ लहानू म्हणाला. ‘लय गोड घेतलं.’

पुढची जयंती त्यानं पाहिली नाही.

अनुसयानं बिड्या वळून पुष्पलताला शिकवलं. पोरगी मास्तरीण झाली. नाव घ्यायची सवय काही अनुसयाला तेव्हाही लागली नाही. नवरा गेल्यावर तर ते नाव आणखीच आत जाऊन बसलं. पण पोरीला ती सारखी सांगायची, ‘एक डाव घेतलं आहे मी तुझ्या बापाचं नाव. चारचौघांत, मोठ्यानं. त्या फितीत आहे. तुले ऐकवीन एक दिवस.’ तो दिवस काही येईना, कारण मधुकररावांची बदली बिलासपूरला झाली आणि फितीही त्यांच्यासोबत गेल्या. अनुसया त्यांच्या परत येण्याची अशी वाट बघायची की कोणी सख्ख्या भावाचीही बघणार नाही.

चौऱ्याऐंशी साल उजाडलं. मधुकरराव निवृत्त होऊन गावी परतले. तेव्हा कॅसेटांचा सुकाळ झाला होता, पानठेल्यावरसुद्धा टेप. बर्डीच्या बाजारातल्या एका कॅसेटवाल्याच्या डोक्यात आलं की ईश्वरदासच्या पार्टीची सुरुवातीची गाणी, त्या जुन्या फितींवरची, एकत्र करून काढावीत. ईश्वरदासचे दात गेले होते, आवाज पिचला होता. नवीन काही होणं नव्हतं. एका रविवारी सकाळी मधुकररावांच्या घरी सगळे निवड करायला बसले. अनुसयाही गेली, पुष्पलताला घेऊन. नवं लुगडं नेसली होती. लेकीच्या लग्नालासुद्धा बाई इतकी नटली नव्हती.

कन्हानची फीत लागली. खरखर झाली आणि एकदम ढोलक वाजला. लहानूचा हात. अनुसयानं लेकीचं मनगट धरलं. पुष्पलताला बाप नीट आठवतही नव्हता. ती डोळे पुसत ऐकत होती. कॅसेटवाला पुटपुटला, ‘एकदम साफ आलं आहे हो, हेच पहिलं घेऊ.’ शेवटचं कडवं आलं. अनुसया लेकीच्या कानाशी म्हणाली, ‘आता ऐकजो हं.’

आणि ईश्वरदासचा तरणा आवाज म्हणाला, ‘ईश्वरदास सांगे लेकीले, मागं वळून पाहू नको.’

तोंडाची सवय हो. इतक्या वर्षांची सवय, दुसरं काय! आणि लगेच मागून, मोकळ्या गळ्यानं, अगदी जीव ओतून, अनुसयाचा आवाज म्हणाला, ‘ईश्वरदास सांगे लेकीले’. कोरसचं तोंड गायकाच्या मागं जातं, मनाच्या मागं जात नाही.

ते नाव लांब. लहानूच्या मापाच्या जागेत ते मावणारं नव्हतं. पण ढोलकावर दोन थापा जास्तीच्या पडल्या होत्या आणि ओळ सावरून घेतली होती. फितीत ते स्वच्छ ऐकू येत होतं. ऐकूनच वाजवल्या होत्या त्यानं त्या थापा.

फीत संपून नुसतीच फिरत राहिली.

‘त्याइले मालूम होतं,’ अनुसया म्हणाली. ‘पुष्पे, त्याइले मालूम होतं वं. अन् मले म्हणे, लय गोड घेतलं.’

ईश्वरदास म्हातारा हुंदके देऊन रडायला लागला. ‘अनुसया, मले आजपावेतो खबर नाही वं... खबर नाही माय. हे गाणं नका घेऊ हो, शेठ. नाहीतर ती ओळ पुन्हा म्हणतो मी.’ त्यानं म्हणून पाहिली. पिचक्या आवाजात ती हवेसारखी निघून गेली.

पुष्पलतानं विचारलं, निदान कॅसेटच्या कागदावर तरी बाबांचं नाव छापाल का? कॅसेटवाला भला माणूस होता, पण म्हणाला, ‘बाई, कागदावर एक अन् गाण्यात दुसरं, तर लोक म्हणतील ईश्वरदासनं गाणं चोरलं. म्हाताऱ्याची या वयात बदनामी होईल. घ्यायचं का सोडायचं, तुम्हीच सांगा.’

सगळे अनुसयाकडं बघू लागले. सोडलं तर लहानूचं गाणं अन् लहानूचा हात त्या फितीतच सडणार. घेतलं तर जन्मभर दुसऱ्याच्या नावानं वाजणार, आणि तेही तिच्याच आवाजात. बाईनं पदरानं तोंड पुसलं. मग म्हणाली, ‘घ्या. हात तर त्याइचाच आहे.’ आणि उठून गेली.

दसऱ्याला दीक्षाभूमीवर कॅसेट आली, आणि काय चालली म्हणता! पुस्तकांच्या, मूर्तींच्या, निळ्या झेंड्यांच्या दुकानांमधून जिथं तिथं तेच गाणं. खेड्यापाड्यांतून आलेल्या बाया पोरींना कडेवर घेऊन त्यावर मान डोलवत होत्या. अनुसया एका दुकानासमोर थांबली. पुष्पलता पुढं निघून गेली होती. कर्ण्यातून लहानूचा ढोलक घुमत होता. शेवटची ओळ आली, तशी ह्या बाईनं, जिनं उभ्या जन्मात ते नाव उच्चारलं नव्हतं, डोळे उघडे ठेवून, गर्दीत, मोठ्यानं म्हटलं, ‘लहानू सांगे लेकीले, मागं वळून पाहू नको.’ कर्ण्यातल्या तिच्याच आवाजानं तिला दाबून टाकलं. तिनं पुन्हा म्हटलं.

शेजारी उभी असलेली एक कॉलेजातली मुलगी हसली. प्रेमानं तिचा हात धरून म्हणाली, ‘मावशी, लहानू नाही म्हणत ते. ईश्वरदास म्हणते. मले पूर्ण गाणं पाठ आहे.’

अनुसयानं तिच्याकडं पाहिलं.

‘हो वं माय,’ ती म्हणाली. ‘माझंच चुकलं.’