एक ठोका, म्हणजे थांब

तीस वर्षं मी शाळेत केमिस्ट्री शिकवली. भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्याला माझा एकच प्रश्न असायचा – पुरावा काय? तेव्हा रेवा, निखिल, तिकडे कॅनडात हे वाचून हसलात तरी चालेल. घडलं तसं लिहिते.

वेलचेरीच्या आपल्या घरामागचा निळा, वीस फुटी कंटेनर आठवतो ना? पुरात तळमजल्यावरचं लेथ मशीन बुडालं, म्हणून आजोबांनी तो जुना विकत आणून उंच चौथऱ्यावर बसवला. गिंडीच्या कारखान्यातून रिटायर झालेला माणूस, दिवसभर तिथेच.

"अहो, पेटीत बसून सिंगापूरला निघालात की काय?"

"तू कॉफी दे, मग जहाज सोडतो!"

कंटेनरच्या दाराचा दांडा फक्त बाहेरून फिरतो. शिवाय आत प्लायवूडची आडभिंत, त्यामुळे मागे कोणी आहे का, दारातून दिसायचं नाही. म्हणून आजोबांचा नियम – बंद करणाऱ्याने दोन ठोके द्यायचे. आतून एक ठोका आला, म्हणजे 'थांब, मी आत आहे'. दहा अंक मोजूनही काही आलं नाही, तरच दांडा फिरवायचा.

त्या दुपारी एकदम सर आली. दार अर्धं उघडं, मशीन बंद, पायरीवर चपला नाहीत. वाटलं, गिंडीला सामान आणायला गेले. मुलांना लॅबचे नियम पाठ करायला लावणारी मी... ठोके न देताच दार लावलं.

दोन तासांनी उघडलं. आजोबा दाराशीच पडले होते. चपला पायात.

डॉक्टर म्हणाले, "हार्ट अटॅक, अम्मा. क्षणात गेले असणार."

पण त्यांच्या उजव्या हातात हातोडी होती. हे मी तुमच्या बाबांनाही सांगितलेलं नाही.

आठ महिन्यांनी तुमचे बाबा फोनवर म्हणाले, "आई, विकून टाक तो. रोज बघत बसतेस." मी हो म्हटलं. सामान गेलं, आडभिंतही काढली. सकाळी दहाला क्रेन आली. मी स्वतः शेवटपर्यंत पाणी मारून झाडून घेतलं, दार ओढलं आणि हात आपोआप वर गेला. दोन ठोके.

आतून – एक.

लोखंड उन्हाने तापलं की टकटक वाजतं, ते मी वर्षानुवर्षं ऐकलंय. पण आभाळ भरलेलं होतं. आणि क्रेनवाला मुरुगन माझ्याआधी ओरडला, "अम्मा, उळ्ळे यारो इरुक्कांग!" आत कोणीतरी आहे म्हणत त्यानेच दार उघडलं. आत ओल्या फरशीवर फक्त माझ्या झाडूचे फराटे. तो दोन पावलं मागे सरकला. मग "वेण्डाम, अम्मा," नको म्हणाला, आणि क्रेन घेऊन निघून गेला.

त्यानंतर मी कितीदा ठोके दिले. पुन्हा काही नाही. ते काय होतं, मला सांगता येत नाही. आणि त्या दुपारी पावसाच्या आवाजात त्यांनी किती वेळा वाजवलं असेल... की वाजवलंच नसेल... तेही नाही.

बाबा विचारतात, कंटेनरचं दार सताड उघडं का ठेवतेस, पाऊस आत येतो, पत्रा गंजतोय. त्यांना तुम्हीच सांगा – आजोबांनी थांब म्हटलंय. या वेळी मी थांबलेय.