मामंजींच्या साहेबी टोप्या

माझ्या सासरी रविवार हा टोप्यांचा वार होता. मी दर्यापूरच्या एका शाळामास्तरांची मुलगी. स्वातंत्र्यानंतर चार-पाच वर्षांनी लग्न होऊन अमरावतीला आले, तेव्हा सासरे वकिली सोडून घरी बसले होते. त्यांना आम्ही मामंजी म्हणत असू. पूर्वी जिथे पक्षकार बसत, त्या समोरच्या खोलीत भिंतभर लाकडी खुंट्या होत्या आणि प्रत्येक खुंटीवर एकेक फेल्टची हॅट. घरात हॅट हा शब्द कोणी वापरत नसे, सगळे टोप्याच म्हणत. करड्या, तपकिरी, काळ्या, एक बाटलीच्या काचेसारखी हिरवी. यांतली एकही आमच्या घरात कोणी कधी डोक्यावर चढवली नाही. मामंजी बाहेर पडत ते धोतर, कोट आणि नेहमीची काळी टोपी घालून.

पहिली टोपी त्यांच्याकडे आपणहून आली. धामणगावला एका कापूस कंपनीचा गोरा मॅनेजर होता, त्याचा खटला मामंजींनी चालवला होता. देश सोडताना तो निरोप घ्यायला आला आणि डोक्यावरची पारव्या रंगाची टोपी टेबलावर ठेवून गेला. मामंजी सांगत, की परत करावी म्हणून त्यांनी ती उचलली आणि बोटं तिथंच राहिली. इतकी मऊ वस्तू माणसाच्या डोक्यासाठी कोणी करत असेल, हे त्यांना तोवर ठाऊक नव्हतं. पुढे कॅम्पातले साहेबांचे बंगले रिकामे होऊ लागले, सामानाचे लिलाव झाले. लोक खुर्च्या आणि कपाटं घेऊन येत. मामंजी टोप्या घेऊन येत.

मी आले तोवर त्यांचे हात थरथरू लागले होते, आणि यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, त्या खोलीची काडीची गोडी नव्हती. शाळेत शिकवायचं, घरी आलं की वह्या तपासायच्या, एवढंच यांचं जग. त्यामुळे टोप्या माझ्याकडे आल्या. मामंजींनी खुर्चीत बसून मला एकेक गोष्ट शिकवली. टोपी माथ्याला चिमटीत धरून उचलायची नाही, दोन्ही हातांनी काठाखालून घ्यायची. ब्रश एकाच दिशेनं फिरवायचा. दबली असेल तर अंगणात शेगडीवर पाणी उकळून तिला वाफ द्यायची आणि बोटांनी हलके हलके वर आणायची. कसर लागू नये म्हणून कडुनिंबाचा वाळला पाला. मेंढीच्या लोकरीची टोपी हाताला खरखरीत लागते आणि सशाच्या केसांची गार लागते, हेही त्यांनीच सांगितलं. मला ते शिकायला आवडत होतं, हे कबूल केलं पाहिजे. दुपारभर तेच करत राहिलं की मग मान भरून यायची.

पण खरा थकवा टोप्यांचा नव्हता, आंघोळीचा होता.

सासूबाई याज्ञिकांच्या घरातल्या. सशाचे केस म्हणजे मेल्या जनावराचं अंगावरचं, आणि आत घामाची चामड्याची पट्टी, तीही कोणाच्या डोक्याची देव जाणे. टोप्यांना हात लावला की डोक्यावरून पाणी घेतल्याशिवाय स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही, हा त्यांचा नियम. मामंजींना त्या काही म्हणत नसत, कारण ते स्वयंपाकघरात येतच नसत. ते हसून म्हणत, तुझ्या सासूनं सशाले वाघ करून ठेवलं. सकाळची एक आंघोळ झालेली असायची. दुपारी टोप्या झाल्या की पुन्हा विहिरीवर जायचं, पाणी ओढायचं, ओले केस पिळायचे, आणि तसंच चुलीपुढं बसायचं.

दुसऱ्या उन्हाळ्यात मला दिवस गेले होते. विहिरीचं पाणी पार तळाला गेलं होतं. दोर सोडत राहावा तरी बादली पाण्याला टेकल्याचा आवाज येत नसे. एका रविवारी टोप्या आटोपून मी विहिरीपाशी गेले आणि काठावरच बसले. रडू आलं नाही, राग आला नाही, फक्त उठावंसं वाटेना. सासूबाई मागच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता बोलणी बसणार. मीच आधी म्हटलं, "आई, आज नाही होत माझ्यानं."

त्यांनी पदर खोचला, माझ्या हातातून दोर घेतला आणि स्वतः ओढू लागल्या. साठी उलटलेली बाई, मध्येमध्ये थांबून श्वास घेत होती. मी उठू लागले तर हातानंच बस म्हणाल्या. बादली काठावर ठेवून म्हणाल्या, "नेम मोडता येत नाही मले. पाणी काढता येते."

आणि त्यांनी माझ्या डोक्यावर पाणी घातलं.

त्यानंतर त्यांना होत होतं तोवर दर रविवारी माझं पाणी त्याच काढत. मामंजींना हे दिसत होतं की नाही, मला सांगता येणार नाही. समोरच्या खोलीच्या खिडकीतून विहीर दिसत नसे.

मामंजी टोप्या शोधायला फार लांब जात नसत. एकदा मात्र मला बरोबर घेऊन धामणगावला गेले. तिथल्या एका बंद पडलेल्या जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, साहेबाची टोपी राहून गेली आहे, असं कोणीतरी सांगितलं होतं. स्टेशनवरून उन्हातून चालत गेलो. फाटकाशी चौकीदार बाजेवर बसला होता आणि ती टोपी त्याच्या डोक्यावर होती. काळसर तपकिरी, उन्हानं विटलेली, कडेला उंदरानं कुरतडलेली. मामंजींनी आधी इकडचं तिकडचं विचारलं, मग टोपी मागितली. बदल्यात आपली नवी छत्री देऊ केली.

चौकीदारानं टोपी काढली, उलटसुलट करून पाहिली. "घालाले पायजे का तुमाले?" त्यानं विचारलं.

मामंजी खरं बोलणारे होते. म्हणाले, "नाही. ठेवाले."

"मंग राहू द्या जी. मी घालून राहिलो." त्यानं टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली आणि आम्हाला माठातलं पाणी दिलं.

परतीच्या गाडीत मामंजी खिडकीबाहेर बघत बसले. बडनेरा आल्यावर म्हणाले, त्याच्या डोक्यावर बरी दिसत होती. त्यानंतर त्यांनी नवी टोपी आणली नाही.

काही वर्षांनी सासूबाई गेल्या. पोटाचं दुखणं होतं, फार लांबलं. शेवटी शेवटी माझ्याच हातचं पाणी त्यांना चाले. पुढे यांची बदली अकोल्याला झाली. जठारपेठेत दोन खोल्या मिळाल्या. अमरावतीचं घर भाड्यानं दिलं आणि मामंजी आमच्याबरोबर आले. टोप्याही आल्या. खुंट्यांना जागा नव्हती, म्हणून पत्र्याच्या ट्रंकांत, कपाटावर, खाटेखाली अशा कोंबल्या. मुलं लहान होती, घर भरलेलं होतं, आणि अकोल्याचा उन्हाळा अमरावतीला लाजवेल असा. मामंजींनी कितीतरी महिने एकाही ट्रंकेचं झाकण उघडलं नाही. मीच रविवारी त्या काढायची आणि पुसायची. कोणी सांगितलं नव्हतं. पुसल्यावर आंघोळही करायची, सवयीनं. मग एकदा पाठ फारच दुखत होती, नळाला पाणी नव्हतं, आणि मी तशीच जाऊन कणीक मळायला घेतली. काही झालं नाही. त्यानंतर सोडूनच दिलं.

मामंजींच्या ते लक्षात आलं. एका रविवारी ते माझ्या शेजारी येऊन सतरंजीवर बसले, पारव्या रंगाची टोपी मांडीवर घेतली आणि थरथरत्या हातानं ब्रश फिरवू लागले. झाल्यावर उठून न्हाणीत गेले. आतून तांब्याचा आवाज आला. म्हातारा माणूस, हिवाळ्याचे दिवस. बाहेर आले तेव्हा ओठ निळे पडले होते. मी पंचा दिला आणि म्हटलं, मामंजी, आता कोण विचारतं, कशाला करता?

ते खाटेवर बसले. पाय पोटाशी घेतले. "ती होती तवा ती सांगत होती आणि तू करत होती. मी हसत होतो," ते म्हणाले. "आता सांगाले कोणी नाही, म्हणून करून राहिलो."

मी त्यांना अडवलं नाही. फक्त पाणी तापवून ठेवू लागले. नळाला पाणी येणार नसलं की आदल्या दिवशी भरून ठेवायचं, हे आणखी एक काम वाढलं.

एकोणीसशे साठ साल उलटून बरीच वर्षं झाली होती तेव्हा मामंजी गेले. दिवसकार्याला नणंदा आल्या, दीर आले. टोप्यांचं काय करायचं म्हणून यांनी विचारलं, तर सगळे हसले. कोणालाच नको होत्या. आमच्या गल्लीत कॉलेजातले एक प्राध्यापक राहत, ते मुलांची नाटकं बसवत. त्यांना विचारलं तर त्यांना हव्या होत्या. ते हातगाडी घेऊन आले. मी एकेक टोपी काढून त्यांच्या हातात देत होते. कुठली सशाची, कुठली लोकरीची, हे सांगावं असं मनात आलं, पण बोलायला अंगात त्राण नव्हतं. यांनी विचारलं, पारवी तरी ठेवायची का? मी नको म्हटलं. ठेवली असती तर ती मला पुसावी लागली असती.

रिकाम्या ट्रंकांत गोधड्या गेल्या. एका ट्रंकेत पोरांची जुनी पुस्तकं.

पुढच्या रविवारी जेवणं झाली, भांडी घासून झाली आणि मी सतरंजीवर आडवी झाले. मला वाटलं होतं, सुटल्यासारखं वाटेल. थोडं वाटलंही. पण अंगातला शीण तसाच होता, जणू तो टोप्यांचा नव्हताच कधी, माझाच होता. डोळा लागला. जाग आली तेव्हा यांनी चहा करून ठेवला होता, आणि तो पार गार झाला होता.