सामायिकासाठी घड्याळ

आमच्या जैन घरात सामायिकाला बसलेल्या माणसाला, आपल्या अंगावर सेलवर चालणारी वस्तू असेल तर शिवत नाहीत. विजेत सूक्ष्म जीव असतात, त्यांची हिंसा होते, असं कारण लहानपणी सांगितलं होतं. सामायिक म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं लोकरीच्या आसनावर समभावाने बसणं. तेवढा वेळ व्यवहार नाही, राग नाही, लोभ नाही. मी स्वतः बसत नाही. दिवसभर किराणा दुकानाच्या गल्ल्यावर बसून समभाव फारसा उरत नाही. पण हा न शिवण्याचा नियम मात्र हाडीमाशी खिळलेला आहे. मोबाईल बाहेर ठेवायचा, घड्याळ काढायचं आणि मग आत जायचं, हे करताना मला विचार करावा लागत नाही.

त्या सकाळीही मी विचार केला नाही. आई स्थानकात महाराजांच्या प्रवचनाला गेली होती, बायको स्वयंपाकघरात होती. वडिलांचं, बाबूजींचं, सामायिक संपलं असेल म्हणून मी मागच्या खोलीच्या दाराशी गेलो. ते आसनावरून डावीकडे कलंडले होते. वेळ मोजायची त्यांची काचेची घटिका आडवी पडून फुटली होती आणि तिच्यातली वाळू फरशीवर सांडली होती. तोंड एका बाजूला ओढलेलं. मी उंबऱ्यावर थांबलो आणि मनगटावरचं घड्याळ काढायला लागलो.

ते घड्याळ मुलीने दिलेलं. पावलं मोजतं, नाडी मोजतं, झोप मोजतं. त्याचा पट्टा रबरी आहे आणि नुकतीच अंघोळ झाल्यामुळे तो मनगटाला चिकटला होता. पट्ट्याची पिन भोकातून निघेना. शेवटी निघाली. घड्याळ बाजूला फेकलं, मग बाबूजींना धरलं, मग ओरडलो. मधे वीसेक सेकंद गेले असावेत. त्यांचे डोळे उघडे होते; ते कुठे बघत होते हे मी पाहिलं नाही.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी दिवसभरात दहा जणांना सांगत असावेत अशा सुरात सांगितलं, की या आजारात मिनिट न् मिनिट मोलाचं असतं. मी मान डोलावली. पुढे सुरतला नेलं, कारण थोरला भाऊ तिथे असतो. जीव वाचला, उजवी बाजू शाबूत राहिली, डावा पाय ओढत का होईना चालायला लागला. डावा हात तेवढा लुळा राहिला. उंबऱ्यावर थांबल्याचं मी कोणाला बोललो नाही. वीस सेकंदांनी काही फरक पडला नसता, हे मलाही कळतं. पण बाबूजींचा हात कितपत बरा होईल यापेक्षा त्यांनी मला पाहिलं होतं का, याचीच धास्ती मला जास्त होती. हे लिहायला बरं वाटत नाही, पण तसं होतं.

घरी आल्यावर एक वेगळीच गोष्ट झाली. आम्ही घरात मारवाडी बोलतो. बाबूजींची मारवाडी अडखळायला लागली, पण साठ वर्षं दुकानात बोललेली अहिराणी सुरळीत राहिली. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी. त्यामुळे आई पाणी घेऊन आली की ते तिला "काय जोयजे?" असं विचारायचे, जणू ती शेजारच्या धानोऱ्याहून दोन किलो साखर न्यायला आली आहे. आई आधी रडली, मग हसायला लागली, मग तीही अहिराणीतच उत्तर द्यायला लागली. दोघं इतकी गप्पिष्ट आहेत हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

सामायिक त्यांनी पुन्हा सुरू केलं. शेजाऱ्यांनी आठ दिवसांत नवी घटिका आणून दिली. खरं तर विषय तिथेच संपला होता. पण थोरल्या भावाला स्वस्थ बसवेना. दूर राहणाऱ्या मुलाची माया नेहमी महाग वस्तूंतून येते. फुटणारी घटिका कशाला, बाबूजींना उत्तम घड्याळ घेऊ, असं त्याने ठरवलं आणि फोनवर दोन घड्याळांचे फोटो पाठवले. दोन्ही परदेशी, दोन्ही क्रोनोग्राफ, दोन्ही बिनसेलची. किंमत त्याने सांगितली नाही आणि मी विचारली नाही. बाजूचं बटण दाबलं की एक वेगळा काटा धावायला लागतो आणि छोट्या तबकडीवर मिनिटं मोजली जातात. सामायिकाआधी दाबायचं, उठल्यावर पुन्हा दाबायचं. तबकडी तीस मिनिटांची, म्हणजे एक फेरा आणि वर अठरा.

"अठ्ठेचाळीस मिनिटं सगळा मोह सोडायचा," मी भावाला म्हणालो, "आणि तो किती वेळ सोडला हे मोजायला हे असलं घड्याळ?"

"तुला थट्टाच सुचते," तो म्हणाला. "ऑटोमॅटिक घ्यायचं की चावीचं, एवढं सांग."

भावाचं म्हणणं ऑटोमॅटिक. एका हाताच्या माणसाला रोज चावी द्यायला लावायची का? माझं म्हणणं चावीचं. ऑटोमॅटिक घड्याळ हाताच्या हालचालीवर चालतं, आणि बाबूजी जन्मभर घड्याळ डाव्या मनगटावर बांधत आले. मनगटावर असतानाच उजव्या हाताने चावी देता येईल, मी म्हणायचो. त्याने मशीन बिघडतं, तो म्हणायचा. डॉक्टरांनी हात हलवायला सांगितलाय, घड्याळापायी तरी हलवतील, हेही त्याचंच. बाजारात तुरी तशातली गत. पंधरा दिवस आम्ही न घेतलेल्या घड्याळावरून भांडलो आणि दोघांपैकी एकानेही तोंडातून 'तो हात आता हलणार नाही' हे वाक्य काढलं नाही. समोर बाबूजी बसलेले असायचे.

शेवटी मी बाजारातल्या घड्याळजीकडे गेलो. त्याची टपरी दोन माणसं उभी राहतील एवढी. हल्ली तो जास्त करून सेलच बदलून देतो, त्यामुळे खऱ्या मशीनबद्दल विचारलं की त्याला उधाण येतं.

"चावीनं घड्याळ म्हंजे दावनवरनं ढोर," तो म्हणाला. "रोज चारा टाकना पडस. आटोमॅटिक मोकळं फिरस, फिरीफिरी चरस. पन त्याले बांधी ठेवं का ते उपाशी मरस."

मग त्याने खणातून एक जुनं ऑटोमॅटिक काढलं, कोणीतरी दुरुस्तीला टाकून परत न नेलेलं, आणि म्हणाला, आधी हे बांधून बघा, खात्री होईल.

मी ते बाबूजींच्या डाव्या मनगटावर बांधलं. भावाने फोनवर टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी, बाबूजी झोपले असताना, मी सहज पाहिलं तर सेकंदकाटा थांबला होता. दुसरीकडे बघावं, घड्याळजीला नेऊन द्यावं, भावाला सांगावं, असं काही मी केलं नाही. हळूच काढलं, मागच्या अंगणात जाऊन पाच मिनिटं हलवलं, वेळ लावली आणि परत बांधलं. त्या मनगटाला स्पर्श कळत नव्हता, म्हणून झोप मोडली नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा. महिनाभर हा माझा धंदा चालला. दुकानातून दुपारी जेवायला आलो की आधी अंगणात जाऊन घड्याळ हलवायचो. बायकोने एकदा पाहिलं आणि ती कपडे वाळत घालत राहिली.

व्यायाम घ्यायला येणारा मुलगा म्हणायचा, सुधारणा आहे. भाऊ म्हणायचा, बघ, चालतंय ना घड्याळ! मी हो म्हणायचो. मला त्या घड्याळाचा राग यायचा. बाकी सगळे गोड बोलत असताना ते एकटंच रोज दुपारी खरं बोलायचं आणि मी त्याचं तोंड बंद करायचो.

दिवाळीनंतर सुरतला तपासणी होती. तपासणी झाली, डॉक्टरांनी फारसं काही सांगितलं नाही, आणि भाऊ आम्हाला थेट घड्याळांच्या दुकानात घेऊन गेला. दार उघडायला माणूस, आत अत्तराचा वास, बसायला इतकी मऊ खुर्ची की बाबूजींना धरून बसवावं लागलं. विक्रेत्याने हातमोजे घातले आणि मखमलीच्या तबकात दोन्ही घड्याळं ठेवली. दिसायला जवळपास सारखीच. चावीचं जरा पातळ होतं. त्याची पाठ काचेची होती आणि आतली चाकं दिसत होती. ऑटोमॅटिकच्या पाठीत अर्ध्या चंद्रासारखा एक पत्रा होता. घड्याळ कलतं केलं की तो गर्रकन फिरायचा.

विक्रेता मेहनती होता. चावी देणं हा एक आनंद आहे, असं तो हिंदीत म्हणाला. रोज सकाळी माणूस आपल्या घड्याळाशी दोन मिनिटं बोलतो. मग ऑटोमॅटिक उचलून म्हणाला, आणि हे तुमच्याबरोबर जगतं, तुम्ही चालाल तसं चालतं. भाऊ खूश झाला. बाबूजींनी दोन्ही घड्याळं उजव्या हातात घेऊन पाहिली. बटण दाबून पाहिलं. काटा धावला, पुन्हा दाबलं, थांबला. धान्याचा नमुना तळहातावर घेऊन बघावा तसे ते बघत होते, आणि त्या वेळी त्यांना घाई केलेली खपत नाही.

मग त्यांनी ऑटोमॅटिकवर बोट ठेवलं.

"हाई," ते म्हणाले.

भावाने माझ्याकडे जिंकल्यासारखं पाहिलं. मी म्हणालो, बाबूजी, चावीचं घ्या. ते म्हणाले, "हाईच." मी म्हणालो, ते बंद पडेल. भाऊ म्हणाला, कशाला बंद पडेल, महिनाभर चाललंच की घरातलं. आणि मग माझ्या तोंडून निघून गेलं. ते मी हलवत होतो, मी म्हणालो. रोज दुपारी मीच हलवत होतो. बाबूजी, तुमचा हात हलत नाही.

विक्रेत्याला आमची भाषा येत नसावी, तरी तो तबकाकडे बघायला लागला. भावाचा चेहरा उतरला. मला माझी लाज वाटली. परक्या गावी, परक्या माणसासमोर, बापाला हे सांगायची ही जागा नव्हती.

"मन्हा नही हालस," बाबूजी शांतपणे म्हणाले. "माले माहीत शे. तू आंगनमा जास तेबी माहीत शे. याना हालस." 'याना' म्हणताना त्यांनी हनुवटीने माझ्याकडे दाखवलं आणि भावाकडे वळले. "याना हातमा बांध, बिनसेलनं शे. मन्हं सामायिक घटिकावर चाली ऱ्हायनं. पुढला खेपले मी पडनू ते याले घड्याळ काढत बसानं काम नको पडाले."

भाऊ कधी त्यांच्याकडे, कधी माझ्याकडे बघत होता.

"कसलं घड्याळ काढणं?" त्याने मला विचारलं. "कधी?"

तेव्हा मी त्याला ती सकाळ सांगितली. उंबरा, ओला पट्टा, सगळं.

"वीस सेकंद गेले त्यात," मी म्हणालो.

"जास्ती गयात," बाबूजी म्हणाले, आणि उजव्या हाताने माझं मनगट धरून त्यांनी विक्रेत्यापुढे केलं.