मनुबाईचं लुगडं

मी आकाराम हवालदार. पलटणीत बावीस वर्षं काढली, पेन्शन घेतली आन सांगलीत मुलींच्या शाळेत ड्रिल मास्तर झालो. मला उगं कुणाचं कौतुक करायची खोड न्हाई. पण मनुबाईचं सांगायचंच हाय, कारण तिच्याशी मी लय वंगाळ वागलो.

मनुबाई शाळेच्या मागं पत्र्याच्या खोलीत शिलाई मशीन चालवायची. मूळची कोयनेकडची, घरचे छप्पन साली बौद्ध झालेले. सदुसष्टच्या भूकंपात घर बसलं, तवा नवऱ्यासंगं सांगलीला आली. दोन वर्षांत नवरा गेला. आयुष्यभर तिनं शिवलं काय, तर परकर, झंपर आन शाळेचे गणवेश. दुसऱ्यानं सांगायचं, हिनं कापायचं.

चौऱ्याहत्तर साली सांगलीत देशातल्या मुलींची खो-खो स्पर्धा ठरली. उद्घाटनाच्या संचलनात प्रत्येक राज्याच्या संघापुढं आमच्या शाळेची एक मुलगी त्या राज्याचा पोशाख घालून पाटी धरणार. बारा राज्यं, बारा पोशाख. हेडबाईंनी काम मनुबाईला दिलं.

मी म्हटलं, "मनुबाई, मिरजेच्या पलीकडं कवा गेली न्हाईस. पंजाब, बंगाल कुठनं आणणार गं?"

"आवं, मिरजेला समद्या गाड्या येत्यात की!"

तीन आयतवार ती मिरज स्टेशनच्या बाकावर बसली. गाडीतनं उतरणाऱ्या, दवाखान्याला आलेल्या परमुलखातल्या बाया बघायची, खुणेनं इचारायची, निरी कुठं खोचली ते वाकून बघायची. एका मारवाडणीचा घागरा तर दोऱ्यानं मोजून आली. ती बाई हसून हसून बेजार झाली म्हणं. अकरा पोशाख असे झाले की हेडबाई बघतच राहिल्या.

राहिला महाराष्ट्र. आन तिथंच घोडं पेंड खायला लागलं.

आसामचं कुणाला काय कळतंय? पण आपलं म्हटल्यावर स्पर्धेच्या समितीतला जो तो पंडित. एकाला त्याच्या आईसारखं नेसणं पायजे, दुसऱ्याला त्याच्या सासरवाडीसारखं. शेवटी अध्यक्ष आप्पासाहेबांनी एका सरदारणीचं चित्र आणलं. भरजरी लुगडं, पार घोट्याखाली. "अस्संच पायजे!" पोरींना नऊवारी नेसता येत न्हाई म्हणून मनुबाईनं ते काष्ट्यासकट शिवलं. मला हळूच म्हणाली, "हवालदार, ह्यात पोरगी चालंल. पण तुमचं पाऊल टाकंल का?"

माझं पाऊल म्हंजी तीस इंच. त्यात अर्धा इंच कमी मला खपत नव्हतं. मी म्हटलं, "शिवणारीनं शिवावं."

तालमीला तिसऱ्याच पावलाला सुला तोंडावर पडली. महाराष्ट्राची पाटी तिच्या हातात व्हती. पाटीचे दोन तुकडे झाले, पोरीची हनुवटी फुटली. आप्पासाहेब कडाडले, "शिवणच चुकलंय!" मला म्हाईत व्हतं काय चुकलंय ते. पण सगळ्यांम्होरं माझं पाऊल चुकलं म्हणू? मी मिठाची गुळणी धरून उभा राहिलो.

त्यानंतर चार दिस अन्न ग्वाड लागंना. खाटेवर पडावं तर उठावं वाटायचं, उठावं तर कुठं जावं कळंना. मनुबाईचं तसंच. मशीन बंद, आन ही खोलीम्होरं येरझाऱ्या घालतीया. एक दिस माझ्या दारात आली.

"पुण्याच्या दुकानाला काम देणार हायत, हवालदार. माझे बाराच्या बारा मोडीत. आवं, जल्मात पयल्यांदा माझ्या डोक्यातनं कायतरी आलं व्हतं!"

आन मी, काय सांगू, तिला चा पाजला आन गप बसलो. थू माझ्या जिंदगानीवर!

शेवटची बैठक शाळेच्या हॉलात व्हती. मनुबाईला इचारायला नव्हं, निकाल ऐकायला बोलावलेलं. आप्पासाहेब पुण्याच्या दुकानाला द्यायच्या पत्रावर सही करायला लागले, तवा माझ्या तोंडातनं निघालंच.

"साहेब, शिवण बरोबर हाय. तुमच्या चित्रातली बाई गादीवर बसलीया. आमची पोरगी तीस इंच पाऊल टाकतीया. मला म्हाईत व्हतं. मी बोललो न्हाई."

आप्पासाहेब तडकले. "मग काय गुडघ्यापर्यंत खोचायचं? डोईवर पाट्या वाहणाऱ्या बायांवाणी?"

"व्हय," मनुबाई म्हणाली. "माझी आय कोयनेच्या धरणावर पाट्याच वाहायची. डोईवर खडी, पायाखाली चढ. कवा अडकून पडली न्हाई."

तिनं उभ्या उभ्या अंगावरच्या लुगड्याच्या निऱ्या वर घेतल्या, काष्टा आवळला, पदर कमरेला बांधला आन माझ्याकडं वळली. "द्या ऑर्डर."

"तेऽऽज चल!"

चाळिशी उलटलेली बाई अनवाणी निघाली. समितीतला एक जण लाजंनं खाली मान घालून बसला. मी मात्र तिचं पाऊल बघत व्हतो. तीस इंच, बरोब्बर! भिंत आली तवा मी 'थम' म्हणायला पायजे व्हतं, पण म्हटलं न्हाई. ती दारातनं व्हरांड्यात आन व्हरांड्यातनं मैदानात गेली. तिथं तालमीला थांबलेल्या पोरी एकेक करून तिच्या मागं लागल्या. हनुवटीला पट्टी बांधलेली सुला सगळ्यांच्या म्होरं. माझे डोळे भरून आले, लपवत न्हाई.

आप्पासाहेब पत्र हातात घेऊन बाहेर आले. "हवालदार, थांबवा हिला."

बावीस वर्षांत वरच्याची ऑर्डर मोडली नव्हती. म्हटलं, "ते पत्र फाडा साहेब, मग थांबवतो."

मैदानाचा तिसरा फेरा सुरू झाला तवा त्यांनी ते फाडलं. मी 'थम' म्हटलं.

मनुबाई थांबली. धापा टाकत माझ्यापाशी आली. मला वाटलं, आता हसंल.

"हवालदार," ती म्हणाली, "त्या दिवशी का वो बोलला न्हाईसा?"

मी खाली वाकून फाडलेल्या पत्राचे तुकडे गोळा करत राहिलो.